पद्मिनीच्या हेडमध्ये स्टड तुटला आणि त्यात एक्स्ट्रॅक्टरही तुटला; आता पुढे काय करावे?

अमळनेरचा पद्मिनीवाला (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी अमळनेर येथे शिक्षक आहे. माझ्याकडे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन आणि स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा यांसह ती आजही चालू स्थितीत होती, म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत होती. वडील गेल्यापासून गाडीची बहुतेक कामे मी घरीच करतो, कारण या गाडीला विश्वासाने हात लावणारे कारागीर आता आमच्या गावात एक-दोनच उरले आहेत आणि त्यांचीही दृष्टी पूर्वीसारखी राहिलेली नाही. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटरची सफाई, टॅपेटचे (व्हॉल्व्हचे) अंतर लावणे एवढे मला येते. त्यापुढचे येते असे मला वाटत होते.

पारोळ्याहून परतताना भर दुपारी पाणी उकळले. गाडी लिंबाखाली उभी करून तासभर थांबलो आणि पाणी भरून हळूहळू घरी आणली. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केले तेव्हा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत होते, त्यावरून हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा थर) जळाले असावे असा अंदाज केला आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग, उतरवायला घेतले. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचे) नट काढताना शेवटच्या नटाने हट्ट धरला. अर्धा तास रॉकेल सोडून ठेवले, पान्याला दोन फुटांचा पाइप लावला आणि जोर दिला, तेव्हा नटासकट स्टड (हेडमध्ये बसवलेला आटेदार दांडा) हेडच्या पृष्ठभागालगत तुटला. खरे तर तिथेच थांबायला हवे होते. मी हातातल्या ड्रिलने त्यात भोक पाडले, ते मध्यापासून थोडे बाजूला गेले, त्यात बाजारातून आणलेला एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्टड आतून पकडून काढायचे हत्यार) ठोकून फिरवला आणि तोही आत तुटला. आता ड्रिलचे पाते त्याच्यावरून घसरून बाजूच्या ॲल्युमिनियममध्ये शिरते. शिवाय जुने गॅस्केट खरवडताना मी पेचकसचा वापर केला, त्यामुळे हेडच्या तळावर दोन-तीन ओरखडे नखाला जाणवतात. हेड सध्या ओसरीवर केळीच्या खोक्यात ठेवले आहे आणि आई जाता-येता त्याच्याकडे व माझ्याकडे पाहते.

तुटलेला एक्स्ट्रॅक्टर कसा काढावा, हेडला फेस मारणे (तळ यंत्रावर सपाट करून घेणे) आवश्यक आहे का आणि पुन्हा बसवताना थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) ठेवावा की नाही, हे मला विचारायचे आहे. गावातल्या मिस्त्रींच्या मते खान्देशच्या ४५ अंशांच्या उन्हात थर्मोस्टॅटची गरजच नसते, तो काढून टाकावा. आपल्यापैकी ज्यांनी घरी काम करताना अशाच महागात पडलेल्या चुका केल्या असतील त्यांनी त्याही मोकळेपणाने लिहाव्यात, म्हणजे पुढची चूक तरी मी नवी करीन.

भुसावळचा जुना फिटर

गुरुजी, आधी ड्रिल आणि हातोडा दोन्ही कपाटात ठेवा आणि किल्ली आईंकडे द्या. तुम्ही अजून हेड घालवलेले नाही, पण त्या भोकात आणखी एकदा ड्रिल घातले तर नक्की घालवाल. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा केलेला असतो आणि साध्या ड्रिलच्या पात्याला तो कापला जात नाही. त्यामुळे पाते नेहमी मऊ बाजूला, म्हणजे तुमच्या हेडच्या ॲल्युमिनियमकडे सरकते आणि आठ मिलिमीटरच्या भोकाचे बारा मिलिमीटर कधी होते ते कळत नाही.

स्टड का तुटला हे समजून घेणे पुढच्या वेळेसाठी आवश्यक आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियमच्या भोकात पोलादाचा स्टड वर्षानुवर्षे राहिला, त्याला ओल लागली, सायलेन्सरची उष्णता लागली, की दोन धातूंच्या मध्ये पांढरा क्षार धरतो आणि आटे सिमेंटने भरल्यासारखे होतात. त्यातून मॅनिफोल्डचा नट रोज खूप तापून थंड होत असतो, त्यामुळे तो स्टडवर गंजून चिकटतो. अशा नटाला अर्धा तास रॉकेल पुरत नाही. गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडावे, मध्ये पितळी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग नट सोडण्याच्या दिशेने फिरवण्याआधी किंचित घट्ट करून पाहावा. एकदा हलला की पाव फेरा सोडायचा, परत थोडा घट्ट करायचा, तेल सोडायचे, पुन्हा पाव फेरा, अशा रीतीने तो निघतो. एका नटाला पाऊण तास लागला तरी चालतो.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढली. पहिल्या वर्षी माझ्या हातून असाच एक स्टड तुटला होता तेव्हा आमचे यावलकडचे उस्ताद एवढेच म्हणाले होते, “घाई नको करू रे भो.” नट फिरतो आहे असे वाटते पण हाताला कडकपणाऐवजी रबरासारखा पीळ जाणवतो, तेव्हा नट फिरत नसून स्टड पिळला जात असतो. त्या क्षणी हात काढून घेणारा फिटर आणि आणखी जोर लावणारा फिटर यांच्या पगारात फरक नसतो, पण त्यांच्या हातून जाणाऱ्या मालात फार असतो. दोन फुटांचा पाइप लावला की हाताला तो पीळ जाणवतच नाही. तुमची खरी चूक तो पाइप आहे, ड्रिल त्यानंतरचे.

आता उपाय. तुटलेला तुकडा पृष्ठभागाच्या थोडा बाहेर असता तर मी त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायला सांगितले असते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सैल होतात आणि नटाला पाना लागतो. तुमचा तुकडा आत आहे आणि त्यात कठीण पोलाद अडकले आहे, त्यामुळे घरगुती मार्ग सोडून द्या. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या मालाचे साचे तयार करणारे लोक आहेत आणि साचे करणाऱ्यांकडे स्पार्क इरोजनचे यंत्र असते. त्या यंत्रात तांब्याचा इलेक्ट्रोड विजेच्या ठिणग्यांनी धातू खात जातो, आणि समोरचा धातू कितीही कठीण असला तरी त्याला फरक पडत नाही. एक्स्ट्रॅक्टर, ड्रिल, टॅप (आटे पाडायचे हत्यार) काहीही आत तुटलेले असले तरी ते आटे न बिघडवता काढता येते. काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते.

हेड परत बसवताना आणखी एका गोष्टीची काळजी घ्या, कारण ती चूक याहून महाग आहे. ब्लॉकमधल्या ज्या भोकांत बोल्ट जातात ती तळाशी बंद असतील आणि त्यांत पाणी किंवा तेल साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना ते द्रव दाबले जाते. द्रव दाबून आक्रसत नाही, त्यामुळे बीड तडकते. हेड उतरवताना पाणी त्या भोकांत हमखास उतरते. प्रत्येक भोक हवेने फुंकून, चिंधीने टिपून कोरडे करा, आटे स्वच्छ करा आणि मगच बोल्ट लावा. आवळताना मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला गोलाकार जायचे आणि तीन टप्प्यांत ताण वाढवायचा. शेवटचा ताण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच ठेवा, तोंडी ऐकलेला आकडा वापरू नका, आणि त्यासाठी टॉर्क पाना (ताण मोजून आवळणारा पाना) उसना मिळत नसेल तर भाड्याने आणा.

चोपड्याहून एक वाचक

स्पार्कच्या यंत्रापर्यंत जाण्याची गरज नाही. तुरटीचा उपाय करून पाहावा. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरघळते आणि ॲल्युमिनियमला विशेष धक्का लागत नाही. घड्याळ दुरुस्त करणारे लोक पितळी भागात तुटलेला पोलादी स्क्रू याच पद्धतीने काढतात. मी स्वतः माझ्या स्कूटरच्या ॲल्युमिनियम झाकणात तुटलेला टॅप असाच काढला आहे. मोठ्या पातेल्यात तुरटीचे पाणी उकळी येण्याच्या बेताला ठेवून हेड त्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावे. खर्च शंभर रुपयेसुद्धा होणार नाही.

जळगावचा लेथवाला

वरील उपाय वाचून हातातले काम टाकून लिहीत आहे. गुरुजी, हेड कोणत्याही परिस्थितीत तुरटीच्या पाण्यात बुडवू नका. तुरटीचा उपाय खरा आहे, मी त्याला खोटे म्हणत नाही, पण स्कूटरचे झाकण आणि मोटारीचे हेड यांत मोठा फरक आहे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या सीटा लोखंडी किंवा पोलादी असतात आणि त्या वेगळ्या करून दाबून बसवलेल्या असतात. तुरटीच्या पाण्याला तुमचा एक्स्ट्रॅक्टर कोणता आणि व्हॉल्व्हची सीट कोणती हे समजत नाही. दोन दिवसांनी एक्स्ट्रॅक्टर निघेल आणि त्याबरोबर आठही सीटांचा पृष्ठभाग खाल्लेला असेल. तुरटी वापरायचीच असेल तर भोकाभोवती एम-सीलची पाळ करून फक्त त्या आळ्यात गरम द्रावण घालावे लागते, ते सतत बदलावे लागते आणि एवढ्या जाड तुकड्याला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. फिटर काकांनी सांगितलेला मार्ग घ्या.

फेस मारण्याबद्दल. हेड सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. सरळ पोलादी पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाची) पाती सरकवून पाहावी. अशा लहान इंजिनात ०.०५ मिमीचे पाते सरकत असेल तर माझ्या मते फेस मारलेला बरा. पाणी उकळलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तेवढा बाक येणे अगदी सामान्य आहे, आणि तुमचे ओरखडे पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरच्या कडेपर्यंत जात असतील तर फेस मारावाच लागेल. मात्र जुन्या गाडीच्या बाबतीत फेस मारण्याआधी हेडची जाडी मोजून लिहून ठेवा, कारण चाळीस वर्षांत हे हेड आधी दोनदा तरी कुणाच्या तरी यंत्रावर गेलेले असते. प्रत्येक वेळी “साफ होईपर्यंत” घेतले की दहनकक्ष लहान होत जातो, कॉम्प्रेशन वाढते, इंजिन चढावर टकटक आवाज करू लागते आणि शेवटी घेण्यासारखे ॲल्युमिनियमच उरत नाही. कारागिराला “कमीत कमी घ्या” असे स्पष्ट सांगावे, आणि काम चालू असताना समोर उभे राहावे. मी स्वतः लेथवाला असूनही हे सांगतो आहे.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. तुमच्या संपूर्ण प्रश्नात पाणी का उकळले याचा उल्लेख कुठेच नाही. गॅस्केट नवे टाकाल, हेडला फेस माराल, स्टड नवा बसवाल, आणि उकळण्याचे कारण तसेच राहिले तर वैशाखात तुम्ही पुन्हा त्याच लिंबाखाली उभे असाल. आपल्या तापी खोऱ्यातल्या बहुतेक बोअरचे पाणी जड आहे. घरातल्या हीटरच्या कांडीवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि तिथे तो कुणाला दिसत नाही. रेडिएटर उतरवून वरची टाकी सोडवून पाहा. नळ्या भरलेल्या असतील तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. पुढे बोअरचे पाणी कधीही घालू नका, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचेच मिश्रण ठेवा.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे हेड घेऊन आले. त्यांनी रेडिएटरमधला क्षार काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड पाण्यात मिसळून भरले होते आणि इंजिन वीस मिनिटे चालवले होते. क्षार निघाला, हे खरे आहे. त्याबरोबर हेडच्या पाण्याच्या वाटांभोवतीचे ॲल्युमिनियम कुरतडले गेले, रेडिएटरचे डाग (कथलाने केलेले जोड) सुटले आणि वॉटर पंपाच्या सिलातून धार लागली. हेडला ॲल्युमिनियम भरून पुन्हा फेस मारण्याचा खर्च जुन्या हेडच्या किमतीहून अधिक झाला असता, म्हणून शेवटी त्यांनी भंगारातून दुसरे हेड शोधले.

थर्मोस्टॅटबाबत तुमच्या मिस्त्रींशी मी सहमत नाही. बाहेर ४५ अंश तापमान असले तरी इंजिनातल्या पाण्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागते. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेते, विशेषतः पौष-माघात, जेव्हा धुळ्याकडे पारा १० अंशांच्याही खाली जातो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरते आणि झीज वाढते. मिस्त्री मंडळी थर्मोस्टॅट काढतात ते मुख्यतः जुना थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकण्याची भीती असते म्हणून, आणि ती भीती खोटी नाही. त्यावर उपाय सोपा आहे: पातेल्यात पाणी गरम करून त्यात थर्मोस्टॅट व थर्मामीटर लटकवा आणि तो कधी उघडतो ते पाहा. अडकत असेल तर नवा घ्या.

धुळ्याचा आठशेवाला

माझी गाडी पद्मिनी नाही, १९९४ सालची मारुती ८०० आहे, पण प्रश्नात सर्वांच्या चुका मागितल्या आहेत म्हणून माझी लिहितो. ही चूक करायला मला दोन मिनिटे लागली आणि निस्तरायला दीड महिना.

ब्रेकच्या टाकीतली पातळी थोडी कमी दिसली. माझे मेहुणे त्या दिवशी आले होते आणि ते ट्रॅक्टरची कामे घरीच करतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे. गोठ्याच्या फळीवर एका बिनचिठ्ठीच्या डब्यात पिवळसर तेल होते. मेहुणे म्हणाले की हेच ब्रेक ऑइल आहे, आणि मी ते वाटीभर ओतले. आपण सर्वजण त्या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतो आणि घोटाळा या नावापासूनच सुरू होतो, कारण ते तेल नसते. ते ग्लायकॉलवर आधारलेले द्रव असते आणि ब्रेकमधली सर्व रबरी सिले त्याच्यासाठीच केलेली असतात. खनिज तेल, म्हणजे इंजिन ऑइल असो, हायड्रॉलिकचे असो किंवा पॉवर स्टेअरिंगचे असो, त्या रबराला लागले की रबर फुगते. डब्यात होते ते ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल.

पहिले चार दिवस काहीही झाले नाही, आणि यामुळेच ही चूक अधिक घातक ठरते. पाचव्या दिवशी कुटुंबासह वेरूळला निघालो. चाळीसगाव सोडल्यावर गाडी जड वाटू लागली, कन्नडच्या घाटात चढताना दुसऱ्या गिअरमध्येही धाप लागली आणि वरच्या वळणावर पुढच्या चाकांतून धूर निघाला. मास्टर सिलिंडरमधले (पेडलच्या जोराने द्रवावर दाब देणाऱ्या भागातले) रबर फुगून परतीच्या द्रवाची वाट बंद झाली होती, त्यामुळे ब्रेक एकदा लागला की सुटत नव्हता. हे सर्व चढावर घडले म्हणून मी आज हे लिहू शकतो. उतारावर तापून ब्रेकमधले द्रव उकळले असते तर पेडल थेट तळाला गेले असते.

त्यानंतर मास्टर सिलिंडर, मागची दोन्ही व्हील सिलिंडरे, पुढच्या कॅलिपरची सिले आणि सर्व रबरी होज बदलावे लागले. लोखंडी नळ्या स्पिरिटने पुन्हा पुन्हा धुतल्या. केवळ तेल काढून योग्य द्रव भरले असते तर चालले नसते, कारण तेल प्यालेले रबर पुन्हा मूळ आकाराला येत नाही. एका वाटीची किंमत साडेसात हजार रुपये झाली. ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे. आणि योग्य द्रव हवेतली ओल ओढून घेते, म्हणून वर्षापूर्वी फोडलेली अर्धी बाटली वापरू नये. नव्या डॉट ३ (ब्रेकच्या द्रवाची एक प्रमाणित प्रत) द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पण ओल शोषल्यावर त्यासाठी १४० अंश एवढीच किमान मर्यादा ठरवलेली आहे. घाटात हा फरक जीवघेणा ठरतो. मेहुण्यांशी संबंध पूर्ववत आहेत, पण ते आता आमच्या गाडीकडे दुरूनच पाहतात.

रावेरहून

माझा अनुभव दोन वाक्यांत मावतो. पावसाळ्यात अंगणातल्या काळ्या मातीवर जॅक लावला, तो रुतू नये म्हणून खाली वीट ठेवली, मागचे चाक काढले आणि भजी खायला घरात गेलो, तेवढ्यात वीट फुटून गाडी ब्रेकच्या ड्रमवर बसली. ड्रमची कड आणि बॅकप्लेट वाकली. मी खाली नव्हतो, ते केवळ भज्यांमुळे. त्यानंतर मी जॅकखाली सागाची जाड फळी ठेवतो, गाडी लोखंडी स्टँडवर टेकवतो आणि काढलेले चाकही आडवे करून गाडीखाली सरकवून ठेवतो. वीट वाकत नाही, ती आधी न सांगता फुटते.

शहाद्याचा फियाटप्रेमी

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावर बसवलेला यांत्रिक पंप असतो आणि त्यात रबरी-कापडी डायाफ्राम असतो. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होते व गाडी बंद पडते, आणि मग आपण सर्वजण त्यावर ओले फडके टाकतो. हा तात्पुरता उपाय ठीक आहे. माझ्याकडे मात्र डायाफ्रामलाच चीर गेली होती आणि मी महिनाभर ओल्या फडक्यावर गाडी चालवत राहिलो.

डायाफ्राम फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. मी डिपस्टिक काढून पाहिली तेव्हा तेलाची पातळी वर गेलेली दिसली आणि मला आनंद झाला की माझे इंजिन तेल खात नाही. तेल न भरता पातळी वाढत असेल तर ती काठी नाकाला लावून पाहिली पाहिजे, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. पातळ झालेल्या तेलावर शहादा ते नंदुरबार अशा फेऱ्या झाल्या आणि अखेर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज सुरू झाला. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला पाठवावा लागला. डायाफ्रामच्या किटची किंमत त्या खर्चाच्या जवळपासही नव्हती.

पुढचा मूर्खपणाही लिहितो. यांत्रिक पंपाचा कंटाळा येऊन मी एका नव्या गाडीचा विजेवर चालणारा पंप बसवला. इंजेक्शनच्या गाडीतला पंप साधारण तीन बारचा दाब देतो, आणि कार्ब्युरेटरच्या नीडलला (पेट्रोलची आवक रोखणाऱ्या सुईला) त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा दाबही पुरेसा होतो. कार्ब्युरेटर भरून वाहू लागला आणि पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर गळू लागले. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून गाडी वाचली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि चाळीस वर्षांपूर्वीची रबरी नळी त्यासाठी केलेली नव्हती, म्हणून गुरुजी, हेड उतरलेलेच आहे तर पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम याच वेळी बदला. आणि पेट्रोलच्या टाकीला भोक असेल तर टाकी रिकामी केली आहे म्हणून कुणालाही वेल्डिंग करू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोकादायक असते.

अमळनेरचा पद्मिनीवाला

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

हेड जळगावला नेले. साचे करणाऱ्या एका कारखान्यात स्पार्कच्या यंत्रावर एक्स्ट्रॅक्टर आणि स्टडचा उरलेला भाग पन्नास मिनिटांत निघाला. मात्र माझे ड्रिल बाजूला गेल्यामुळे एका बाजूचे आटे खाल्ले गेले होते, म्हणून तिथे हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवावे लागले. लेथवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिले तर कर्णावर ०.१२ मिमीचे पाते सरकले. फेस मारताना समोर उभा राहिलो आणि “कमीत कमी” हे दोन शब्द इतक्या वेळा म्हणालो की कारागिराने मला चहा पाजून बाहेर बसवले. चाळीस रुपयांच्या स्टडसाठी येण्या-जाण्यासकट पाच हजार दोनशे रुपये खर्च झाले, त्यांपैकी फेस मारण्याचा खर्च मी ड्रिलवर न लावता उकळलेल्या पाण्यावर लावतो.

पाणी का उकळले या प्रश्नाने मात्र मला खजील केले, कारण त्याचा विचार मी खरोखरच केला नव्हता. रेडिएटरची वरची टाकी सोडवली तेव्हा एक तृतीयांश नळ्या पांढऱ्या क्षाराने पूर्ण बुजलेल्या होत्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच नळ्यांत काडीही जाईना. वडील गेल्यापासून मी घराच्या बोअरचेच पाणी भरत होतो. वडील कुठले पाणी भरत असत हे आईला विचारले, तेव्हा तिने शांतपणे सांगितले की ते पावसाळ्यात पत्र्याचे पाणी पिंपात धरून ठेवत आणि ते फक्त गाडीसाठी वापरत. ते पिंप अजून मागच्या दारी आहे. मी त्यात कडीपत्ता लावला होता.

थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला, तो ८४ अंशांना व्यवस्थित उघडला, म्हणून तोच परत बसवला. धुळ्याच्या भाऊंचा मजकूर वाचून माळ्यावरचे डबे खाली काढले तर त्यांत तीन बिनचिठ्ठीचे निघाले, ते तिन्ही विल्हेवाट लावायला गॅरेजवाल्याकडे दिले. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतून सिरिंजने पाणी काढले. एका भोकात जवळजवळ चमचाभर होते. पेट्रोलच्या नळ्या आणि डायाफ्राम बदलले आहेत. इंजिन काल सुरू झाले आणि बुडबुडे नाहीत.

एकच शंका उरली आहे. गॅस्केटच्या पाकिटावर काही अंतर चालवल्यानंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत असे छापले आहे. ते गरम इंजिनावर करायचे की थंड इंजिनावर?

भुसावळचा जुना फिटर

पाकिटावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत गरम इंजिनावर करा असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर थंड इंजिनावरच करा, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी. ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना आवळले तर थंड झाल्यावर ताण कमी भरतो. एकेक बोल्ट क्रमाने घ्या, तो अगदी थोडा सैल करून लगेच ठरलेल्या ताणापर्यंत आणा आणि मग पुढच्याकडे जा; सगळे एकदम सैल करू नका. हेड थोडे बसल्यामुळे टॅपेटचे अंतरही बदलते, त्यामुळे त्यानंतर टॅपेट पुन्हा लावावे लागतील. पहिली लांब फेरी सातपुड्यातल्या मनुदेवीच्या देवळाला न्या. रस्त्यात थांबून रेडिएटरची पातळी पाहायला सावली मिळते, फक्त झाकण गरम असताना उघडू नका.